भोंग्यातली बाई

आसेगावात लग्न कुणाकडे आहे हे पत्रिकेच्या आधी भोंग्यावरून कळायचं. हळदीच्या आदल्या सांजेला मंगरूळपीरहून माईकवाल्याची बंडी यायची, तिच्यात मोटारीची जड बॅटरी, वायरीची भेंडोळी, गोणपाटात गुंडाळलेला अ‍ॅम्प्लिफायर आणि सगळ्यात वर उन्हात चकाकणारा तो भलामोठा अ‍ॅल्युमिनियमचा भोंगा. ज्या दारासमोर बंडी थांबे त्या दारी गावातली झाडून सारी पोरं जमायची आणि कडुनिंबावर भोंगा बांधायला कोण चढणार यावरून हातघाईवर यायची. निंब तेव्हा मोहरलेला असायचा, चढणाऱ्याच्या डोक्यात, सदऱ्यात, कानात तो बारीक पांढरा फुलोरा गळायचा, आणि त्या कडवट-गोड वासात अ‍ॅम्प्लिफायरचे व्हॉल्व्ह तापले की त्यांच्यावरची धूळ जळल्याचा एक वेगळाच वास मिसळायचा. त्या दोन वासांना मिळून माझ्या लेखी आजही एकच नाव आहे: लगीन.

पहिली रेकॉर्ड देवाची. मग सनई. मग एखादं सात्त्विक भावगीत, ज्याच्याकडे कुणाचंच लक्ष नसे. पत्रावळी उठल्या, वांग्याची भाजी नि रोडगे अंगावर येऊन म्हातारी मंडळी मांडवात जिथल्या तिथे लवंडली, की तरण्या पोरांतला कुणीतरी माईकवाल्याजवळ सरकायचा, त्याच्या कानाला लागायचा, आणि माईकवाला मिशीतल्या मिशीत हसत पेटीच्या तळातून, मुद्दाम तळात ठेवलेली, ती रेकॉर्ड काढायचा. सुई टेकायची. आधी थोडी खरखर. मग ढोलकीची थाप कडुनिंबावरून उडून कवेलूंवर, गोठ्यांवर, पार शिवारातल्या पऱ्हाट्यांपर्यंत जायची, आणि पाठोपाठ त्या बाईचा आवाज. सुलोचना चव्हाण.

"हे काय लावलं रे बाप्पा? लगन व्हय का तमाशा?" माझी आजी ओसरीवरून ओरडायची.

"नवरदेवाच्या मामाची फर्माईस हाये, काकू," माईकवाला म्हणायचा. हा मामा प्रत्येक लग्नात असायचा आणि त्याला दरवेळी हीच रेकॉर्ड हवी असायची.

त्या रेकॉर्डी हातात घ्यायला मिळणं हा मान होता. लाखेच्या, काळ्याभोर, पाटीएवढ्या जड, कडेला नख लावलं तर किंचित खरबरीत लागणाऱ्या, आणि हातून निसटल्या तर पाटीसारख्याच फुटणाऱ्या. कलकत्त्याजवळ दमदमच्या कारखान्यात दाबलेली ती लाख कुठल्या कुठल्या गाड्या बदलत आमच्या वऱ्हाडात यायची आणि एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं गाणं द्यायची. सुई झिजली की माईकवाला ती बदलायचा, आणि टाकलेली सुई उचलायला आमची झुंबड उडायची. कुत्र्याचं चित्र असलेल्या चपट्या डबीत त्या मी साठवल्या होत्या. त्या सुयांचं पुढे काय करायचं याचा विचार केलेला नव्हता, पण ज्या सुईनं त्या बाईचा आवाज काढला ती आपल्या खिशात आहे, एवढं त्या वयात पुरेसं होतं.

बाई कशी असेल, यावर आमच्या टोळक्यात गहन चर्चा चालत. माझं मत ठाम होतं, कारण माहिती शून्य होती. ती कुठल्याशा मोठ्या फडावर राहते, कंबरेला पट्टा, पायात पाच-पाच शेर चाळ, तोंडात गोविंद विडा, आणि समोर फेटेवाले पाटील रुपये उधळताहेत, असं मी चित्र रंगवलं होतं. मोठा झालो की मुंबईला जाऊन तिला एकदा डोळ्यांनी बघायचं, असाही बेत होता.  आकाशवाणीच्या 'आपली आवड'ला मी पोस्टकार्ड लिहायला बसे, तर लावणीचं नाव लिहायचं धाडस होईना. रेडिओवरून आपलं नाव नि गावाचं नाव त्या गाण्याला चिकटून बाहेर पडलं आणि आजीनं ऐकलं तर? म्हणून भजनाची फर्माईश करायची आणि मनात आशा ठेवायची की निवेदकाला आपोआप समजेल.

गंमत अशी की, ही बाई फडावरची नव्हतीच. १९३३ साली गिरगावात जन्मलेली सुलोचना कदम, फणसवाडीच्या चाळीत वाढलेली. घरचा श्रीकृष्ण बाळमेळा होता, त्यात ती लहानपणी नाचली-गायली, गुजराती नि उर्दू नाटकांतून बालभूमिका केल्या. गाण्याची रीतसर तालीम अशी कुणाकडे झाली नाही. घरातला ग्रामोफोन हाच गुरू. त्यावर वत्सलाबाई कुमठेकरांची लावणी लावून ती गुणगुणत बसे तेव्हा आई रागवायची, असं त्या पुढे सांगत. म्हणजे इकडे आसेगावात ओसरीवरून जे चाललं होतं तेच आधी गिरगावात चालून गेलेलं होतं! फ्रॉक घालायच्या वयात 'कृष्ण सुदामा' या हिंदी चित्रपटासाठी ती पार्श्वगायन करून आली, आणि मग चाळीसच्या दशकाचा उरलेला काळ नि पन्नासच्या दशकाची सुरुवात हिंदी चित्रपटांच्या माईकसमोर गेली.

श्यामसुंदरांनी संगीत दिलेला 'ढोलक' १९५१ चा. त्यातली तिची गाणी सकाळी सिलोनवर जुन्या चित्रपटांच्या गाण्यांत कधीमधी लागायची. आमच्या घरी रेडिओ आला तो उशिरा, पण शेजारच्या मास्तरांच्या खिडकीखाली गुरांचं वैरण-पाणी करता करता मी ती ऐकलेली आहेत. निवेदक 'सुलोचना कदम' म्हणायचा. आवाज कोवळा, पाण्यानं भरलेला, थोडा दुखावलेला. ती आणि आमच्या भोंग्यातली ती, या दोघी एकच, हे कळायला मला कॉलेजात जावं लागलं, आणि कळलं त्या दिवशी मी उगाचच मास्तरांच्या त्या खिडकीवर रागावलो.

लावणी तिच्याकडे आली ती 'हीच माझी लक्ष्मी'मध्ये. वसंत देसाईंचं संगीत, पडद्यावर हंसा वाडकर. मग 'कलगीतुरा'च्या निमित्तानं दिग्दर्शक श्यामराव चव्हाण भेटले, पुढे लग्न झालं, आणि कदमची चव्हाण झाली. लावणी गाताना शब्द कुठे झटकायचा, कुठे अर्धा गिळायचा, कुठे नुसत्या श्वासावर सोडून द्यायचा, हे आपल्याला नवऱ्यानं शिकवलं, असं त्या आवर्जून सांगत आणि त्यांना गुरू मानत. आचार्य अत्र्यांनी 'लावणीसम्राज्ञी' म्हटलं, ते बिरूद मग आयुष्यभर नावाच्या पुढे राहिलं. पण आमच्या गावापर्यंत तिला आणलं ते वसंत पवारांनी. १९६२ च्या 'रंगल्या रात्री अशा'मध्ये जगदीश खेबूडकर नावाच्या नव्या कवीची लवंगी मिरचीची लावणी. १९६४ च्या 'सवाल माझा ऐका'मध्ये त्यांचीच सोळाव्या वरसाची. १९६५ च्या 'मल्हारी मार्तंड'मध्ये गदिमांची जरतारी मोराची. त्याच १९६५ साली वसंत पवार गेले. चार वर्षांत एवढं सगळं देऊन गेलेल्या माणसाचं नाव आमच्या माईकवाल्यालाही ठाऊक नव्हतं, आणि रेकॉर्डीवर बारीक अक्षरांत छापलेलं ते नाव मी कंदिलाच्या उजेडात वाचून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "असंल कोनी पेटीवाला."

बिरबलनाथांच्या यात्रेत मंगरूळपीरला तंबूतला सिनेमा यायचा. खाली जमीन, वर ताडपत्री, मध्ये बायका-पुरुषांच्या हद्दीचा दोर, आणि मागे जनरेटरची धडधड इतकी की संवाद कळायचे नाहीत, गाणी मात्र कळायची, कारण ती पाठच असायची. शेंगदाण्याच्या टरफलांवर बसून मी जयश्री गडकरांना बघत होतो आणि माझ्या पोरवयाच्या डोक्यात घोळ झाला होता: हलतात ते ओठ जयश्रीबाईंचे, पण बोलतेय ती आमची निंबावरची. दोराच्या पलीकडून त्याच वेळी बारीक आवाजात कुणी बाई ती लावणी गुणगुणत होती. दुसऱ्या दिवशी वेचाईला गेलो तर ओटीत कापूस भरता भरता सगळ्याच बायका तीच गुणगुणत होत्या, त्यात माझी आजीही. पुरुष दिसला की गप्प व्हायच्या. मी त्यांच्या हिशेबात पुरुष नव्हतो, याचं तेव्हा वाईट वाटलं होतं.

आता निवांत ऐकताना जाणवतं ते असं की, या बाईंच्या गाण्यात आवाज चढवून काही होत नाही. ठसका आहे, पण तो व्यंजनावर. स्वर जागच्या जागी, स्वच्छ, तंतोतंत. ओळ समेवर यायच्या क्षणभर आधी त्या किंचित थांबतात, ढोलकीला पुढे जाऊ देतात, आणि मग जणू काही घाई नव्हतीच अशा थाटात शब्द ठेवून देतात. सगळा चावटपणा त्या थांबण्यात. शब्दांत तर बिचाऱ्या मिरच्या आणि मोर आहेत.

आणि मग एकदा सह्याद्री वाहिनीवर त्यांना प्रत्यक्ष पाहिलं. कपाळावर ठसठशीत कुंकू, पदर दोन्ही खांद्यांवरून लपेटून घेतलेला, माईकसमोर ताठ उभ्या, हात जागच्या हलत नाहीत, शेजारी ढोलकीवर मुलगा विजय. आपल्या आत्याला, मावशीला सत्यनारायणाच्या तीर्थप्रसादाला उभं राहिलेलं पाहावं तसं वाटलं. माझा फड, पट्टा, चाळ, उधळलेले रुपये सगळं एका क्षणात आवरून गेलं. पण त्यांनी तोंड उघडलं मात्र, आणि चाळ वाजले. कुठे वाजले ते सांगता येत नाही. हे देहाचा एकही अवयव न हलवता करणं याला मी फार मोठी कला मानतो, नाचून केलेल्या लावणीपेक्षाही अवघड.

गावात वीज आली, बॅटरी गेली. कॅसेट आली तशी सुयांची डबी निकामी झाली. आमचा जिल्हा अकोला होता तो १९९८ च्या जुलैत वाशिम झाला, पऱ्हाट्यांच्या जागी सोयाबीन आलं, आणि वेचाई कमी झाली तशी ओटीत कापूस भरतानाची गाणीही कमी झाली. आता लग्नात डीजे असतो, त्याच्या दणक्यानं खिडक्यांची तावदानं थरथरतात आणि माझ्या वयाची माणसं कानात कापूस घालून वर तक्रार करतात. पण एक सांगतो: परवा वरातीत त्याच जुन्या लावणीला कुणीतरी नवा ठेका लावला होता आणि त्यावर गावातल्या सुना, लेकी, चक्क एक विहीणबाई, सगळ्यांदेखत नाचत होत्या. दोर नाही, पुरुष बघून गप्प होणं नाही. आजी असती तर ओसरीवरून ओरडली असती, आणि मग, मला खात्री आहे, पदर खोचून उतरली असती. या बदलाला मी अर्ध्या मनानं तरी नावं कशी ठेवू?

माझी नात कोरियन गाणी ऐकते. तिच्या मोबाइलमध्ये ती गुळगुळीत चेहऱ्यांची मुलं सारखी नाचत असतात. तिच्याकडूनच मला ली मी-जा या बाईंचं नाव कळलं, १९५९ साली गायला लागलेल्या, कोरियातल्या बुजुर्ग. १९६४ साली, म्हणजे इकडे 'सवाल माझा ऐका' लागला त्याच वर्षी, त्यांचं कॅमेलियाच्या फुलांचं एक गाणं तिकडे घरोघर गाजलं आणि मग सरकारनं त्यावर बंदी घातली, त्यात जपानी वळण आहे म्हणून. ती बंदी १९८७ साली उठली. तेवढी वर्षं लोक ते गुणगुणतच राहिले. नातीनं ते ऐकवलं. अक्षर कळलं नाही, पण आवाजातलं ते ओळखीचं दुखणं कळलं, आणि बदल्यात मी तिला आमची लावणी ऐकवली. तिनं हेडफोन काढला नाही, म्हणजे पसंती मिळाली असं मी धरून चाललो आहे.

सुलोचनाबाईंना राज्याचा लता मंगेशकर पुरस्कार मिळाला, संगीत नाटक अकादमीचा मिळाला, आणि २०२२ साली पद्मश्री. मेळ्यात नाचलेल्या पोरीपासून तिथपर्यंत सत्तराहून अधिक वर्षं झाली होती. त्याच वर्षी १० डिसेंबरला त्या गिरगावातच गेल्या. मुंबईला जाऊन त्यांना बघायचा माझा बेत तसाच राहिला, आणि खरं सांगायचं तर राहिला ते बरं झालं. मी काय बोललो असतो?

यंदा दिवाळीत फराळ करताना कुणी त्यांची लावणी लावणार असेल तर एक विनंती. आधी 'ढोलक'मधली सुलोचना कदम ऐका, दोन गाणी पुरेत. मग चिवड्याची बशी बाजूला ठेवून लवंगी मिरची लावा. या क्रमानं ऐकलं तरच ती बाई किती लांब चालून आली ते कळतं.