तासांनी झिजणारी गाडी : खराडीतील मोटारमालकांचा अनुभव

मोटारीच्या विश्वासार्हतेचा प्रश्न निघाला की सामान्यतः गाडीची बनावट, कंपनीचे नाव आणि इंजिनाचा लौकिक यांची चर्चा होते. गाडी ज्या रस्त्यावर रोज धावते तो रस्ता आणि ज्या गॅरेजात ती खोलली जाते ते गॅरेज यांचा विचार मात्र खर्च अंगावर आल्यावरच सुचतो. पुणे शहराच्या पूर्व टोकाला, नगर रस्ता आणि मुळा-मुठा नदी यांच्या दरम्यान वसलेल्या खराडीतील मोटारमालकांचे अनुभव शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर असे लक्षात येते की येथे गाडीचे वय किलोमीटरपेक्षा तासांवर ठरते, आणि दुरुस्तीच्या खर्चातला मोठा वाटा हे वय ओळखले न गेल्यामुळे वाढतो.

१९९७ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आलेल्या या गावात पुढे इऑन आयटी पार्क, वर्ल्ड ट्रेड सेंटर आणि त्यांच्याभोवती उंच सोसायट्या उभ्या राहिल्या. मेट्रो ६ मार्च २०२४ रोजी रामवाडीपर्यंत पोचली, तरी तिथून पुढचा प्रवास बहुतांशी स्वतःच्या वाहनावरच राहिला. टॉमटॉम या कंपनीच्या २०२४ च्या वाहतूक निर्देशांकात पुणे जगात चौथ्या क्रमांकावर होते आणि १० किलोमीटर अंतर कापण्यास सरासरी ३३ मिनिटे २२ सेकंद लागत असल्याचे त्यात नोंदले होते. म्हणजे वेग ताशी सुमारे १८ किलोमीटर. या वेगाने वर्षाला ६,००० किलोमीटर चाललेल्या गाडीचे इंजिन ३३३ तासांच्या आसपास चालू राहते, तर तेवढेच अंतर ताशी ६० किलोमीटरने महामार्गावर कापणाऱ्या गाडीचे इंजिन केवळ १०० तास चालते. मीटरवर दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात, पण पहिलीचे ऑइल, क्लच, कूलंटचा पंखा आणि बॅटरी यांनी तिपटीहून अधिक राबणूक सोसलेली असते. सर्व्हिस पुस्तिकेत साधारणतः ‘१०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी घडेल ते’ अशी मुदत छापलेली असते, आणि बहुतेक पुस्तिकांत धूळ, कमी अंतराचे प्रवास व सतत थांबत-चालत जाणारी वाहतूक अशा ‘कठीण वापरा’साठी ती मुदत कमी करण्याची सूचनाही असते. खराडी बायपास चौकातून रोज सकाळी जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा वापर या व्याख्येत बसतो, परंतु ते पान मालकाला कोणी उघडून दाखवत नाही.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण डिझेल गाड्यांचे आहे, आणि खराडीतील एका कुटुंबाच्या गाडीचा अनुभव त्यासाठी तपशिलाने पाहण्याजोगा आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांनंतर डिझेल मोटारींच्या धुराड्याच्या मार्गात डीपीएफ नावाची गाळणी आली. ही मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या सूक्ष्म छिद्रांची गाळणी असून ती धुरातील काजळीचे कण अडवते. साठलेली काजळी ठरावीक प्रमाणाबाहेर गेली की इंजिन थोडे जादा डिझेल सोडून गाळणीचे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत वाढवते आणि काजळी जाळून टाकते. या क्रियेला रीजनरेशन, म्हणजे गाळणीची स्वयंशुद्धी, असे म्हणतात. ती पूर्ण होण्यासाठी गाडी काही काळ सलग आणि बऱ्यापैकी वेगात चालावी लागते. इंजिन मध्येच बंद झाले तर शुद्धी अर्धवट राहते, जादा सोडलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळते आणि ऑइल पातळ होते.

त्या कुटुंबाने डिझेल गाडी घेतली तेव्हा घरच्या कर्त्या माणसाची नोकरी दूरच्या औद्योगिक वसाहतीत होती. पुढे कार्यालय इऑनजवळ आले आणि गाडीचा रोजचा प्रवास घरापासून कार्यालयापर्यंत, मधूनच विमाननगरच्या बाजारापर्यंत, एवढाच उरला. काही महिन्यांनी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, गाडीचा पिकअप बसला आणि ॲव्हरेज घसरले. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी स्कॅनरला लावल्यावर संपूर्ण डीपीएफ बदलण्याचे लाखाच्या घरातले एस्टिमेट हाती पडले, आणि हा भाग वॉरंटीत का बसत नाही याचे उत्तर ‘वापरामुळे चोक झाला आहे’ एवढ्या एका वाक्यात मिळाले. चंदननगरमधील एका स्वतंत्र गॅरेजच्या मिस्त्रींनी स्कॅनर लावण्याआधी बॉनेट उघडून डिपस्टिक बाहेर काढली, फडक्याने पुसून पुन्हा आत घातली आणि मालकासमोर धरली: मागच्या सर्व्हिसनंतर थेंबभरही ऑइल घातलेले नसताना पातळी वरच्या खुणेच्या बरीच पुढे गेली होती, आणि त्या ऑइलला डिझेलचा वास स्पष्ट येत होता. “साहेब, गाडी खराब नाही, तिला पळायला मिळत नाही,” असे त्यांनी सांगितले. ऑइल आणि फिल्टर बदलून, स्कॅनरच्या साह्याने उभ्या गाडीत सक्तीचे रीजनरेशन करून आणि ‘महिन्यातून दोनदा भल्या पहाटे शिक्रापूरच्या पुढे रांजणगावपर्यंत जाऊन या, आरपीएम दोन हजारांच्या वर ठेवा’ अशी सूचना देऊन त्यांनी गाडी परत दिली. झालेला खर्च त्या एस्टिमेटच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी होता.

या अनुभवातून अधिकृत केंद्र लबाड आणि छोटे गॅरेज प्रामाणिक असा सरसकट निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल, कारण याच्या उलट घडलेली उदाहरणेही खराडीत मिळतात: स्वस्तातला डुप्लिकेट माल बसवून महिनाभरात पुन्हा उघडावे लागलेले ब्रेक, किंवा निदान न करता एकामागून एक सेन्सर बदलत गेलेले मेकॅनिक. खरा भेद निदानात आहे. भाग बदलणे हे सर्व्हिस सेंटरला सोयीचे असते, कारण बदललेल्या भागाचा हिशेब जॉब कार्डावर मांडता येतो, तर कारण शोधण्यात गेलेल्या तासाभराचे मोल एस्टिमेटच्या कोणत्याही रकान्यात लिहिले जात नाही. जॉब कार्ड म्हणजे गाडी ताब्यात घेताना तक्रारी, किलोमीटर आणि करावयाची कामे नोंदवणारा कागद. त्यावर ‘पिकअप कमी’ एवढेच लिहून घेतले जाते. गाडी रोज किती अंतर जाते, किती वेळ एकाच जागी चालू उभी राहते, हे विचारण्याची रीत नाही, आणि ही उणीव मालकाला वर्षानुवर्षे महाग पडते.

स्वतंत्र गॅरेजांना मोकळेपणाने काम करता येत नाही यामागे एक संरचनात्मक कारणही आहे आणि ते सरकारी निर्णयांत नोंदले गेले आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवरून दिलेल्या निर्णयात १४ मोटार कंपन्यांना एकूण २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मूळ सुटे भाग, दुरुस्तीच्या तांत्रिक पुस्तिका आणि निदानाची उपकरणे खुल्या बाजारात न देता केवळ आपल्या अधिकृत विक्रेत्यांपुरती राखून ठेवणे, हा ठपका त्यामागे होता. दंडाची बाब पुढे अपिलात गेली, पण आयोगाने मांडलेले विश्लेषण आजही उपयोगी आहे: मोटार एकदा विकत घेतली की ग्राहक तिच्या सुट्या भागांच्या बाजारात जखडला जातो, कारण एका कंपनीचा भाग दुसरीच्या गाडीला बसत नाही आणि केवळ महाग दुरुस्तीमुळे गाडी बदलणे कोणाला परवडत नाही. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली, तेव्हा मोबाइल, घरगुती उपकरणे आणि शेतीची अवजारे यांच्या जोडीने मोटारींचाही समावेश केला. चंदननगरच्या मिस्त्रींकडचा स्कॅनर सर्व कंपन्यांच्या गाड्यांना थोडाथोडा चालणारा होता. नवीन गाड्यांच्या काही नोंदी त्यावर उघडतच नाहीत आणि तिथे त्यांचे अनुभवी हातही थांबतात. वाहनांची चाचणी घेणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे, पिंपरी-चिंचवड, चाकण आणि रांजणगाव येथे मोटारी तयार होतात, आणि तरीही याच पट्ट्यातील कुशल कारागिराला त्या मोटारीची माहिती मिळू नये, ही गोष्ट अस्वस्थ करणारी आहे.

डिझेलच्या तुलनेत इतर झीज साधी असली तरी तिचा खर्च थेंबाथेंबाने होतो. खराडीतील अनेक सोसायट्या पाण्याच्या टँकरवर अवलंबून आहेत. भरलेल्या टँकरच्या चाकांखाली आतील रस्ते फुटतात, आणि त्या खड्ड्यांचा हिशेब मोटारीच्या लोअर आर्मच्या बुशांकडे येतो. लोअर आर्म हा चाकाला सांगाड्याशी जोडणारा लोखंडी हात असून त्याच्या टोकांना धक्का शोषण्यासाठी रबरी बुश बसवलेले असतात. ते चिरले की गतिरोधकावर ‘टक’ असा आवाज येतो. अनेक कंपन्या बुश सुटे न देता संपूर्ण आर्मच देतात, तर नाना पेठेतील सुट्या भागांच्या दुकानांत काही गाड्यांचे बुश वेगळे मिळतात आणि गॅरेजात प्रेसवर दाबून बसवता येतात. बुश, क्लच प्लेट, ब्रेक पॅड हे सर्व ‘सामान्य झीज’ या सदरात मोडत असल्याने वॉरंटी, आणि बहुतेक वेळा पैसे भरून वाढवलेली वॉरंटीही, त्यांना लागू होत नाही. क्लचच्या दुखण्यावर उपाय म्हणून अनेकांनी ऑटोमॅटिक गाड्या घेतल्या; त्यांतील एएमटी हा प्रकार, ज्यात नेहमीचाच क्लच आणि गिअर यंत्राद्वारे हलवले जातात, भारतात २०१४ मध्ये मारुती सेलेरिओतून आला. डावा पाय सुटला, पण क्लच प्लेट आतमध्ये तशीच झिजत राहते, ही गोष्ट विक्रीच्या वेळी क्वचितच सांगितली जाते.

तळघरातील पार्किंगमध्ये उंदीर वायरिंग कुरतडतात, हेही नदीकाठच्या सोसायट्यांत नित्याचे दुखणे आहे. २०२० च्या टाळेबंदीत महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाड्यांनी ते विशेष सोसले.

पावसाळ्याचा प्रश्न अधिक गंभीर आहे. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुरात मोटारी वाहून गेल्या आणि २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत त्या पाण्याखाली गेल्या, तेव्हा विम्यातील एक बारीक अट अनेकांना प्रथमच कळली. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी हवेसारखे दाबले जात नाही. अशा स्थितीत स्टार्टर मारला तर पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, याला हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात. विमा कंपन्या हे नुकसान पुराचे न मानता पुरानंतर केलेल्या कृतीचे, म्हणजे आनुषंगिक, मानतात आणि इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घेतलेले नसेल तर दावा नाकारतात. साध्या विम्यात घसाऱ्याचीही वजावट असते: रबर, प्लॅस्टिक आणि बॅटरी यांवर ५० टक्के, तर धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार, म्हणजे पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. आजच्या मोटारीचा बंपर प्लॅस्टिकचा असल्याने खराडीतील किरकोळ धडकांचे निम्मे ओझे मालकावरच पडते, आणि म्हणून पहिल्या काही वर्षांत घसारामाफीचे कलम घेणे शहाणपणाचे ठरते.

दोष मुळातच उत्पादनाचा असेल तर कायद्याचे दार उघडे आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आले आणि सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ५० लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या वस्तूची तक्रार, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, जिल्हा आयोगाकडे करता येते. तिथे दोष सिद्ध करण्यासाठी सहसा तज्ज्ञाचा अहवाल आणि सलग कागदपत्रे लागतात. प्रत्येक जॉब कार्डाची प्रत, बदललेला जुना भाग पाहिल्याची नोंद आणि तक्रार स्वतःच्या शब्दांत लिहून घेण्याचा आग्रह, एवढी शिस्त ज्यांनी ठेवली त्यांच्याशी सर्व्हिस सेंटरचे बोलणेही बदलते, असा खराडीतील अनेकांचा अनुभव आहे.

त्या डिझेल गाडीच्या मालकाने अशा नोंदींची वही ठेवली होती. पहाटेच्या रांजणगाव फेऱ्या काही काळ झाल्या, परंतु वाघोली आणि लोणीकंदच्या कोंडीत त्यांचाही निम्मा वेळ जाऊ लागला आणि गाळणी स्वच्छ ठेवण्यासाठी डिझेल जाळत फिरणे त्याला पटेना. शेवटी ती गाडी शिरूरच्या एका व्यापाऱ्याने, वहीतील प्रत्येक नोंद वाचून आणि डीपीएफचा इतिहास समजून घेऊन, विकत घेतली. तो रोज शिरूर ते अहिल्यानगर असा मोकळ्या रस्त्याचा प्रवास करतो आणि त्याच्याकडे तो पिवळा दिवा पुन्हा लागलेला नाही. खराडीतील कुटुंबाने पुढची गाडी साध्या पेट्रोल इंजिनाची घेतली, आणि घेण्यापूर्वी चंदननगरच्या मिस्त्रींना विचारलेला पहिला प्रश्न तिच्या क्लच प्लेटची किंमत आणि ती नाना पेठेत मिळते की नाही, हा होता.