जात्यापुढची गायिका

बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांनी गाणी रचली आणि गायली. लिहिली मात्र नाहीत, कारण अक्षरओळख नव्हती. माहेर जळगावजवळचे असोदे, महाजनांचे शेतकरी घर. तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी चौधरींशी लग्न झाले. तिशीत वैधव्य आले, पदरी तीन मुले. पुढे शेत, चूल आणि जाते.

जाते हेच त्यांचे व्यासपीठ. उजवा हात खुंट्यावर, डावा सुपातली मूठ उचलून जात्याच्या तोंडात घास टाकणारा. दगड एका लयीत फिरला नाही तर पीठ भरड पडते आणि खांदा भरून येतो. त्याच फेऱ्यांवर ओवी बसते: आठ अक्षरांच्या आसपासचा चरण, दुसऱ्या-चौथ्याला यमक. आरंभीचा शब्द दोनदा हाकारण्याची त्यांची लकब नुसती सजावट वाटते, पण शब्द पुन्हा येईपर्यंत पुढचा चरण जुळवायला सवड मिळते. अमेरिकेतल्या ब्लूज संगीतातही पहिली ओळ दोनदा गातात, तिसरीत तिला उत्तर येते. त्याची मुळेही कृष्णवर्णीय मजुरांच्या श्रमगीतांत आहेत. ब्लूज गायिका बेसी स्मिथचा आवाज 1923 पासून तबकड्यांवरून घरोघरी गेला. बहिणाबाईंचे श्रोते घरचे आणि शेजारपाजारचे.

गाण्यांना तारखा नाहीत, म्हणून वाढ विषयांतून ताडायची. माहेर, पेरणी, सणवार हा जात्यावरचा सामाईक ऐवज, कुणीही गावा. वैधव्याच्या गाण्यांत मात्र सूर त्यांचा एकटीचा होतो: रड थोडी, भिस्त कपाळापेक्षा मनगटावर. सुगरणीचा खोपा त्या कारागिराच्या नजरेने पाहतात. माणसाच्या हावरेपणाची टवाळीही करतात, आणि ती टवाळी पुष्कळ उपदेशांहून सरस आहे.

मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी जमेल तेवढे वहीत टिपून ठेवले. आईच्या निधनानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्र्यांनी पुढाकार घेतला आणि 1952 साली संग्रह निघाला. लेवा बोली कागदावर उतरली. ओढून धरलेला स्वर उतरणे शक्य नव्हते. 1961 च्या ‘मानिनी’ चित्रपटाने ही गाणी घरोघरी नेली. त्या चाली गोड आहेत, पण दगडाचे वजन त्यांत नाही.

जुन्या जळगावातल्या चौधरी वाड्यात बहिणाबाईंच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत.