पेटी आणि पहाटेचा पाव तास



पन्नास वर्षे कीर्तनाला उभा राहिलो. आता दम पुरत नाही, म्हणून चार वर्षांपूर्वी वीणेकऱ्यांना आणि टाळकऱ्यांना नमस्कार करून थांबलो. आणि वयाच्या ७२ व्या वर्षी हार्मोनियम शिकायला बसलो. त्याला आता दोन वर्षे झाली. दोन चाली धड वाजतात, तिसरीत बोट अडखळते. म्हणजे बढाई मारावी असे काही हाती आलेले नाही. पण या दोन वर्षांत रोजच्या वेळाबद्दल मला जे कळले, त्याच्या उलटे मी आयुष्यभर कीर्तनात सांगत आलो, हे ध्यानात आले. ते तुमच्यापुढे कबूल करावे, एवढ्यासाठी लिहितो आहे.

आधी पेटी घरी कशी आली ते सांगतो. आमच्या परंपरेत मान वीणा, टाळ आणि मृदंग यांचा. पेटी मागून आली आणि एका बाजूला बसली. माझ्या बाजूला २८ वर्षे एकच पेटीवाले बसत. माझा आवाज कुठे घसरणार हे त्यांना माझ्याआधी कळायचे, आणि नेमका तोच स्वर ते जरा जोरात धरायचे. श्रोत्यांना वाटे, महाराज सुरात आहेत. ते गेले. तेराव्यानंतर त्यांचा मुलगा पेटी घेऊन आमच्या दारात आला. म्हणाला, "महाराज, आमच्याकडे कोणी वाजवत नाही. तुमच्या घरी असू द्या."

तीन महिने ती खोळीत, कपाटावर होती. मग भजनी मंडळातला एक १९ वर्षांचा मुलगा म्हणाला, "बाबा, पेटी न वाजवता ठेवली तर बिघडते. धूळ बसते, पट्ट्या अडकतात, भाता आखडतो." माझ्या सोबत्याची वस्तू माझ्या घरात बिघडावी हे मनाला लागले. त्याच मुलाला म्हटले, "मग शिकव." तो मला बाबा म्हणतो, मी त्याला गुरुजी म्हणतो. आधी तो लाजायचा. आता माझे बोट चुकले की सरळ सांगतो.

ही पेटी मूळची आपली नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १८४२ च्या सुमारास पॅरिसमध्ये ती तयार झाली, तेव्हा पायाने भाता मारत आणि दोन्ही हातांनी वाजवत. आपल्याकडे जमिनीवर मांडी घालून बसायची रीत, म्हणून कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हाताच्या भात्याची पेटी केली. एक हात भात्यावर, एक पट्ट्यांवर. हिच्यात मींड निघत नाही अशी जाणकारांची तक्रार होती, आणि १९४० पासून तीसेक वर्षे रेडिओवर तिला बंदी होती. तक्रार खरीच आहे. पण मला तिचा उपयोग वेगळाच झाला. गळ्याने गाताना मी एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायचो आणि चूक झाकली जायची. पट्टी घसरत नाही. दाबली ती दाबली, चुकली ती सगळ्या घराला ऐकू गेली.

आता वेळाचे. मी ठरवले, रोज संध्याकाळी एक तास. निवृत्त माणूस, वेळाला काय तोटा? पहिल्या महिन्यात मोजून सहा दिवस बसलो. कधी कोणी मुहूर्त विचारायला आले, कधी नातवाचा गृहपाठ, कधी गावातली मयत, कधी नुसताच कंटाळा. दुपारी बसलो तर डोळा लागे. शिवाय कपाटावरून पेटी उतरवा, खोळ काढा, सतरंजी घाला, गुडघे दुमडा, इतके होईपर्यंत कोणीतरी हाक मारी. मग रविवारी दोन तास बसून भरपाई करायला जाई. बोटे दुखत आणि पुढच्या रविवारपर्यंत सगळे पुसले जाई.

मी चिडलो. आळंदीला चार वर्षे शिकत होतो तेव्हा माधुकरी मागून, धडा पाठ करून, गळ्याची मेहनत करायला वेळ होता. पुढे संसारात पडल्यावरही पहाटे चारला उठून तास-दीड तास चाली घोटल्या. तेव्हा वेळ होता, आणि आता सगळा दिवस मोकळा असून तो जातो कुठे?

याचे उत्तर मला पेटीने दिले नाही, घरातून मिळाले. गेल्या वर्षी पावसाळ्यात आमच्या मंडळी अंगणात पाय घसरून पडल्या. उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लॅस्टर होते. मुलगा-सून नोकरीच्या गावी, तेव्हा पहाटेचे काम माझ्याकडे आले. पाणी भरणे, चूल नाही पण गॅस पेटवणे, चहा, झाडलोट, सडा, देवाची भांडी, फुले. पहिल्या दिवशी सगळे उरकून वर पाहिले तर साडेसात वाजले होते. हरिपाठ राहिला होता. पेटीचे तर नावच नको.

त्या दिवशी मी ओट्यावर बसून राहिलो. पन्नास वर्षे मी पहाटे चारला उठत होतो, हे खरे. पण त्या घरात चारला उठणारा मी एकटा नव्हतो. मी पलीकडच्या खोलीत चाली घोटत असे, तेव्हा इकडे म्हशीची धार निघत होती, चूल पेटत होती, लेकरू रडले तर गप्प केले जात होते. माझा तास मी कमावला असे मला वाटे. तो मला कोणीतरी रोज दिला होता, आणि देणारीने कधी बोलून दाखवला नव्हता.

आणि मग मला एक सप्ताह आठवला. गावाचे नाव सांगत नाही. दुपारी पंगतीत वाढणारी एक बाई मला म्हणाली होती, "महाराज, हरिपाठ म्हणावा वाटतो, पण वेळच गावत नाही." संध्याकाळच्या कीर्तनात मी तिचे वाक्य घेतले. नक्कल केली. बाजाराला वेळ आहे, गप्पांना वेळ आहे, हरीला तेवढा नाही, असे म्हणून मंडप हसवला. ती पुढच्याच रांगेत बसली होती. तिने पदर पुढे ओढून मान खाली घातली. मला तेव्हा वाटले, वर्मी लागले, आता सुधारेल. त्या बाईचा दिवस कसा जातो हे मी विचारले नव्हते. दोनशे माणसांना दुपारी वाढणाऱ्या बाईला मी संध्याकाळी वेळाचा हिशेब विचारत होतो. ती माउली हे वाचत असेल तर तिची आणि तिच्यासारख्या सगळ्यांची मी क्षमा मागतो. कीर्तनात चूक केली, तेव्हा क्षमाही चारचौघांतच मागितली पाहिजे.

प्लॅस्टर निघाले तेव्हा मंडळींची बोटे आखडली होती. व्यायाम सांगितले होते: मूठ वळायची-उघडायची, अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावायचा, मनगट वर-खाली करायचे. प्रत्येक दहा वेळा, दिवसातून तीनदा. त्या करत नव्हत्या. मी रागावलो तर म्हणाल्या, "अहो, वेळ कुठे मिळतो?" ते वाक्य ऐकून या वेळी मी हसलो नाही.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही असे केले. सकाळचा चहा मी करतो. चहा झाला की भांडी तशीच ठेवून दोघे बसतो. मी पहिला अलंकार लावतो, सावकाश. सा, रे, ग ही तीन बोटे झाली की अंगठा मधल्या बोटाखालून सरकवून मध्यमावर न्यायचा, हेच मला जड जाते. समोर त्या आपला अंगठा करंगळीपर्यंत न्यायला बघत असतात. माझी चढती-उतरती सरगम हेच त्यांचे माप. दहा वेळा माझी सरगम, दहा वेळा त्यांची मूठ. मी घाई केली की म्हणतात, "हळू, माझा हात राहिला." म्हणून माझी लयही सुधारली. मग रामकृष्णहरीच्या गजराची एक चाल, आणि लगेच हरिपाठ. पेटीला पाव तास, त्याहून जास्त नाही.

तुमच्यापैकी कोणी उतारवयात काही शिकायला घेतले असेल, पेटी असो, मृदंग असो की अक्षरओळख, तर अनुभवाचे चार शब्द सांगतो. वेळ शोधू नका. जो नेम आधीच मोडत नाही, त्याच्या शेजारी नवा नेम बसवा. आमचा हरिपाठ कधी चुकला नव्हता, पेटी त्याचे बोट धरून चालली. नेम लहान ठेवा, आजारी असतानाही होईल एवढा. वस्तू हाताशी ठेवा. माझी पेटी आता कपाटावर नसते, चौरंगावर धुतल्या पंचाखाली असते, आणि गुडघ्यांमुळे मी स्टुलावर बसतो. खंड पडला तर भरपाई करू नका. आषाढीला लोणंद ते फलटण चालून आलो, दहा दिवस पेटीला हात नव्हता. आल्यावर पुन्हा पहिल्या अलंकारापासून सुरुवात केली, आणि चौथ्या दिवशी बोटे होती तिथे आली.

आणि सर्वांत आधी हे पाहा, की तुमचा पाव तास घरात कोण सांभाळते आहे. त्याला किंवा तिलाही पाव तास हवा असेल. विचारल्याशिवाय ते सांगणार नाहीत. मी पन्नास वर्षांत विचारले नव्हते. विचारले तेव्हा मंडळी म्हणाल्या, "मला एकदा दुपारी कोणी हाक न मारता पोथी वाचायची आहे." आता दुपारी दोन ते तीन दाराशी मी बसतो. मुहूर्त विचारायला येणाऱ्यांनी त्या वेळी हळू बोलावे, ही विनंती.

मनगट अजून पुरते वळत नाही. माझी तिसरी चालही अजून बसलेली नाही. गुरुजी म्हणतात, कार्तिकीपर्यंत बसेल. पाहू. उद्या सकाळी चहा झाला की पुन्हा बसायचे आहे.

रामकृष्णहरी.