बोटाला कळलं पाहिजे

कर्जतच्या आमच्या घरी टीव्हीला जोडायचा पहिला व्हिडिओ गेम आला, त्याच्या रिमोटवर डावीकडे अधिकचिन्हासारखं बटण होतं. ते निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांनी १९८२ मध्ये काढलं, हे मला फार पुढे कळलं. आमचा गेम नकली, बटण मात्र तेच. 'कॉन्ट्रा'तला सैनिक उडी मारेनासा झाला की दादा स्क्रू काढायचा, बटणाखालच्या रबराची झिजलेली काळी टिकली पेन्सिलीच्या शिशाने घोटायचा. आणखी महिनाभर निभायचं.

मग खोपोलीच्या मित्राकडे प्लेस्टेशनचा, दोन दांड्यांचा, थरथरणारा कंट्रोलर हातात आला. सोनीने तो १९९७ मध्ये आणला. आजचे कंट्रोलर पाहा, ठेवण जवळपास तीच. म्हणून 'आता यात नवं काय व्हायचं?' असं लोक विचारतात.

मला ते पटत नाही, कारण मी रेल्वेच्या गावचा. पुण्याकडची गाडी कर्जतला थांबते, मागून बँकर इंजिनं लागतात आणि ३७ला १ असा बोरघाटाचा चढ सुरू होतो. लोकलच्या मोटरमनची मूठही मी कुतूहलाने पाहिलेली: दाबून धरायची, सुटली तर ब्रेक लागतो. जपानच्या टायटोने १९९६ मध्ये 'देन्शा दे गो' हा गाडी चालवायचा खेळ काढला. पुढे घरी खेळणाऱ्यांसाठी वेगाची मूठ आणि ब्रेकचा दांडा असलेला वेगळा कंट्रोलरही आला. सोनीच्या २०२० च्या ड्युअलसेन्स कंट्रोलरचा ट्रिगर तर मोटरच्या जोरावर बोटाला अडवतो. घाट चढणाऱ्या गाडीचं ओझं त्या बोटाला कळावं, एवढी माझी हौस आहे.

कर्जत लोकलमध्ये पोरं फोनवर बीजीएमआय खेळतात, घाम लागू नये म्हणून अंगठ्यांना कापडी टोप्या चढवून! काचेवर बटण कुठे संपलं हे बोटाला कळत नाही, म्हणून नजर तिथेच अडकते.

माझ्या मते खरी मजल २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने मारली. त्यांच्या अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलरला दोन मोठी बटणं आणि मागे वेगळी बटणं जोडायला १९ खाचा आहेत. पायाने, कोपराने, जमेल तसं खेळा. साध्या कंट्रोलरचं, दांडीला हात न लावता खेळातलं पात्र आपोआप सरकण्याचं दुखणं मात्र जुनंच. दांडीच्या आतली कार्बनची पट्टी झिजते. चुंबकावर चालणारी, न घासणारी दांडी सेगाच्या ड्रीमकास्टमध्ये १९९८ सालीच होती.

तेव्हा कंपन्यांनो, बटणं वाढवू नका. चुंबकाची दांडी साध्या कंट्रोलरमध्ये द्या, आणि ती बदलायला सोल्डरिंग लागू नये एवढं बघा.