नायट्रेटचं मूळ सापडतं!

नायट्रेट तपासायची पट्टी पाण्यात बुडवून बाहेर काढली आणि बघता बघता तिच्यावर गडद गुलाबी रंग चढला. बीडजवळच्या मळ्यातली विहीर, गोठ्याला लागूनच. पाणी तळ दिसावा इतकं नितळ. ना वास, ना वेगळी चव. मग वर माळाकडे, जिथे गोठाही नाही आणि ऊसही नाही, तिथल्या आडाचं पाणी तपासलं, तर रंग जेमतेम उमटला! एकाच शिवारात एवढा फरक? तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेटने सर्वाधिक ग्रासलेले १५ जिल्हे दिले आहेत. त्यांतले ७ महाराष्ट्रातले, आणि त्यांत आपलं बीड! पिण्याच्या पाण्यात मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. तान्ह्या बाळाचं वरचं दूध त्यापुढच्या पाण्यात कालवलं, तर त्याचं रक्त प्राणवायू नीट वाहू शकत नाही, अंग निळसर पडू शकतं. उकळूनही नायट्रेट जात नाही. पाणी आटतं आणि प्रमाण उलट वाढतं. हे घरोघरी सांगायला हवं!

मग शेतात पडणाऱ्या युरियाचा हिशेब मांडला. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे २१ किलो नायट्रोजन. त्यातला नुसता दहावा हिस्सा नायट्रेट होऊन खाली उतरला, तरी दोन लाख लिटर शुद्ध पाणी त्या मर्यादेला टेकतं. एका गोणीत!

पण नायट्रेट उकिरड्यातूनही येतं, शौचखड्ड्यातूनही येतं. पाण्यात सगळं सारखंच दिसतं. मग ओळखायचं कसं? तर ओळखता येतं! नायट्रोजनचे अणू दोन प्रकारचे: हलका १४ आणि किंचित जड १५. युरियातला नायट्रोजन कारखान्याने हवेतून घेतलेला, म्हणून त्यातलं जड-हलक्याचं प्रमाण जवळजवळ हवेसारखंच. शेणामुताचं तसं नाही. उकिरड्यातून अमोनिया उडतो तेव्हा हलका नायट्रोजन आधी निसटतो, जड मागे राहतो, आणि तोच नायट्रेट होऊन विहिरीत येतो. फरक हजारात दहा-वीस भागांचा, पण प्रयोगशाळेतलं यंत्र तो पकडतं! १९७१ मध्ये अमेरिकेत बॅरी कॉमनर आणि सहकाऱ्यांनी सँगमन नदीच्या खोऱ्यात याच खुणेवरून खताचा वाटा काढला. त्यावर वाद झाला, कारण जमिनीतले जिवाणूही हे प्रमाण बदलतात. म्हणून आता नायट्रेटमधला ऑक्सिजन-१८ सुद्धा मोजतात. जिवाणूंनी नायट्रेट खाल्लं असेल, तर दोन्ही आकडे जोडीने चढतात. काय सुंदर युक्ती!

आणि नायट्रेटचा प्रवास! काळ्या मातीच्या कणांवर ऋण भार, नायट्रेटवरही ऋण भार. माती त्याला धरून ठेवतच नाही. पाऊस पडला की ते पाण्याबरोबर मुरमात, मुरमातून बेसाल्टच्या भेगांत, तिथून विहिरीत आणि झऱ्यांवाटे ओढ्यात. बालाघाट डोंगररांगेच्या उत्तरेचं पाणी बिंदुसरा नदीतून सिंदफणेला, पुढे गोदावरीला, माथ्यापलीकडचं मांजरेला. दोन ओढे मिळतात तिथे दोन्हींचं पाणी वेगवेगळं तपासायचं, रंग जास्त चढेल त्या ओढ्याने वर जायचं, पुढच्या फाट्याला पुन्हा तेच. असं करत थेट उगमाशी पोचता येतं: ऊस, गोठा की वस्ती.

मूळ कळलं की उपायही नेमका होतो. युरियाचं असेल, तर तो एकदम न फेकता हप्त्याहप्त्याने, पिकाच्या मुळाशी द्यायचा. शौचखड्ड्याचं असेल, तर खड्डा विहिरीपासून दूर घ्यायचा. आणि शेणाचं असेल, तर उकिरडा विहिरीच्या उताराखाली हलवून तळाला फरशी घालायची. हे तर येत्या पावसाळ्याआधीच होण्यासारखं आहे!