घाटातला दुसरा गिअर

माणसाने वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी काय करावे, यासंबंधी आपल्या शहाण्या पूर्वजांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. त्यात त्याने पहाटे पाच वाजता अर्धी चड्डी घालून समुद्राच्या काठाने धावत सुटावे, असे कोठे म्हटल्याचे माझ्या तरी वाचनात नाही. आणि मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे माझे वाचन अगदीच थोडे आहे असे नाही. तरीही गेली दोन वर्षे मी धावतो आहे. याला कारण आमचे डॉक्टर. माझ्या रक्ताचा कागद डोळ्यांजवळ नेत ते म्हणाले, "सर, साखर सीमेवर येऊन उभी आहे. आता आत घ्यायची की परतवायची, ते तुम्ही ठरवा." मी आयुष्यात कोणाशी लढलो नाही. परीक्षकांच्या बैठकीतसुद्धा मी बहुमताच्या बाजूला बसतो. पण या सीमेवर मात्र मला उतरावे लागले.

आम्ही मांडव्याला राहतो. मुंबईच्या पाहुण्यांना हे नाव सांगितले की त्यांचे डोळे चमकतात. १९९० साली आलेल्या 'अग्निपथ' चित्रपटातले मांडवा त्यांना आठवते, आणि त्यातला नायक गावच्या मास्तरांचा मुलगा होता हे आठवून ते माझ्याकडे जरा निराशेने पाहतात. आमचे खरे मांडवा फारच सौम्य आहे. गेट वे ऑफ इंडियाहून लाँच सुटते आणि तासाभरात आमच्या धक्क्याला लागते. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारी पोटात घेऊन येणारी मोठी रो-रो बोटही सुरू झाली, आणि शनिवार-रविवारी आमच्या रस्त्यावर मुंबईच्या गाड्यांची रांग लागू लागली. पावसाळ्यात मात्र लहान लाँचा बंद असतात. धक्का सुनासुना होतो, आणि पहाटेच्या त्या ओल्या अंधारात आमचे मंडळ धावायला जमते.

मंडळ म्हणायचे, पण त्याला नाव नाही. नाव ठेवण्यासाठी एकदा सभा भरली होती. मी तीन संस्कृतप्रचुर नावे सुचवली. ती ऐकून सगळे इतके गप्प झाले की तो विषय पुन्हा निघालाच नाही. किराणा दुकानाचे मालक, धक्क्यावर दोर बांधणारा एक तरणाताठा पोरगा, प्राथमिक शाळेतल्या एक बाई, अस्मादिक, आमची सौ. आणि काका, असे आम्ही सहाजण. सौ. प्रथम आली ती मी वाटेत कोठे पडलो तर उचलायला कोणी असावे म्हणून. पुढे तिलाच गोडी लागली. ती माझ्यापेक्षा हळू धावते, पण कधी थांबत नाही. मी जोरात धावतो आणि सासवण्याला शिल्पकार करमरकरांच्या घरापाशी हटकून थांबतो. १९२८ साली पुण्यात उभा राहिलेला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा घडवणाऱ्या या कलावंताचे घर आता संग्रहालय झाले आहे. मी तेथे कलेच्या ओढीने थांबतो, असे मी मंडळाला सांगितले आहे.

काका हे आमच्यात वयाने सर्वांत मोठे, त्रेसष्ट वर्षांचे. एकतीस वर्षे त्यांनी एस.टी. चालवली. पहिल्या पाळीला जायचे म्हणून साडेतीनला उठायचे, काकूंनी डबा भरून द्यायचा आणि यांनी डेपोची वाट धरायची, हा त्यांचा संसार. निवृत्त झाले तरी डोळे साडेतीनलाच उघडत. तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या. "उठतो तर खरा," ते एकदा म्हणाले, "पण घरात आवाजच नाही डब्याचा. मग निघतो बाहेर." यापेक्षा जास्त ते त्या विषयावर कधी बोलले नाहीत.

बोलत ते एस.टी.विषयी. घाटात समोरून चढती गाडी आली की तिला आधी वाट द्यायची. लाल गाडी रस्त्यात बंद पडलेली दिसली की मागून येणाऱ्या दुसऱ्या लाल गाडीने थांबायचे, तिची माणसे आपल्या गाडीत घ्यायची. जागा असो, नसो. "उभी राहतील. पण रस्त्यात नाही ठेवायची," हे काकांचे ठरलेले वाक्य. ते ऐकताना सौ. नेहमी मान हलवी. मीही हलवीत असे.

गेल्या वर्षी धक्क्यावरच्या पोराने सातारच्या डोंगरी अर्धमॅरेथॉनचा विषय काढला. २०१२ सालापासून ही शर्यत भरते. एकवीस किलोमीटरांच्या वर थोडे अंतर. साताऱ्यातून निघायचे, बोगद्यातून बाहेर पडून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यावर काही अंतर जायचे आणि त्याच वाटेने परत यायचे. एकाच डोंगरावर एकाच वेळी सर्वाधिक माणसे धावल्याबद्दल २०१५ साली तिची नोंद गिनेसच्या विक्रमांत झाली. आता सातारा जिल्ह्याला पळण्याचे कौतुक असणारच. माणच्या दुष्काळी मातीतली ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचून दहावी आली होती. त्याच्याही कितीतरी आधी, १९२० साली, बेळगावचे फडेप्पा चौगुले अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. आपण मराठी माणसे पळतो ती केवळ संकट आले म्हणूनच, असे नाही.

पण आमची पंचाईत अशी की किनाऱ्यावर घाट आणायचा कोठून? आमचा सर्वांत उंच चढ म्हणजे रो-रोत गाडी चढवायची फळी. तेव्हा कनकेश्वर ठरला. डोंगरावरच्या महादेवाला जाणाऱ्या त्या शेकडो दगडी पायऱ्या आम्ही दर रविवारी चढू लागलो. पहिल्या रविवारी मी अर्ध्या वाटेवर बसकण मारली आणि निसर्गसौंदर्यावर बोलू लागलो. काका शेजारी येऊन उभे राहिले. त्यांना धापसुद्धा लागली नव्हती.

"सर, तुम्ही टॉप गिअरमध्ये घाट चढायला बघता. इंजिन मरेल. दुसरा टाका आणि विसरून जा."

"आणि उतरताना?"

"ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं. उतारावर गाडी पळते, ती आपली नसते, उताराची असते. आणि नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ब्रेक जळतात."

पुढे मी पुस्तके चाळली तेव्हा कळले की शरीरशास्त्रही हेच सांगते. चढताना दम जातो, पण मांड्यांचे खरे हाल होतात ते उतारावर. तेथे स्नायू ताणला जात असतानाच त्याला शरीराचा भार रोखून धरावा लागतो, आणि तो आतून दुखावतो. दक्षिण आफ्रिकेत १९२१ पासून चालत आलेली कॉम्रेड्स नावाची सुमारे नव्वद किलोमीटरांची शर्यत आहे. ती बहुधा एका वर्षी चढाच्या बाजूने आणि पुढच्या वर्षी उताराच्या बाजूने धावतात; पण उताराच्या वर्षी पाय अधिक दुखतात, असे धावणारे सांगतात. काकांनी यातले काही वाचलेले नव्हते. त्यांनी फक्त ब्रेक जळताना पाहिले होते.

येथवर मी जे लिहिले ते मंडळींना आवडेल असे लिहिले. पुढचे लिहायला मला सहा आठवडे लागले आहेत.

मी मनात एक आकडा धरला होता: अडीच तास. तो मी कोणालाही सांगितला नव्हता, सौ.लाही नाही. स्टाफरूममध्ये आमचे एक तरुण सहकारी माझ्या धावण्याला 'शतपावली' म्हणत. त्यांच्यापुढे हा आकडा सहज, चहा ढवळता ढवळता टाकायचा, अशी माझी साधी महत्त्वाकांक्षा.

शर्यतीच्या सकाळी साताऱ्यावर धुके उतरले होते. बारीक पाऊस होता. रस्त्याच्या दुतर्फा माणसे. कोणी ढोल वाजवते आहे, कोणी लहान पोरे हात पुढे करून टाळी मागताहेत. बोगद्यात शिरलो तेव्हा शेकडो पावलांचा आवाज एकदम अंगावर आला. मग घाट लागला. मी आणि काका बरोबर होतो, सौ. शाळेच्या बाईंबरोबर मागे. काकांनी दुसरा टाकला होता. मी त्यांच्या पावलावर पाऊल ठेवून चढत होतो आणि आश्चर्य म्हणजे चढ संपत होता. वर कासच्या रस्त्याला वारा लागला. जागतिक वारशाच्या यादीत गेलेली ती फुले पुढे पठारावर फुलली असतील. मला दिसत होते ते फक्त मनगटावरचे घड्याळ.

वळसा घालून परत फिरलो तेव्हा हिशेब केला. जमण्यासारखे होते, पण उतारावर वेग वाढवला तर. एकट्याने मला तो राखता येईना. सोबत हवी होती.

"काका, चला! आता उतारच आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "आहे तोच बरा आहे, सर."

"माझी अडीच तासांची वेळ येतेय, काका. चला ना."

आणि ते आले. जन्मभर जो नियम पाळला तो त्यांनी माझ्यासाठी मोडला. आम्ही सुटलो. समोरून सौ. चढत येताना दिसली, तिने हात केला, मी तो केला की नाही हे मला आठवत नाही. पुढे घाटाच्या एका वळणावर बाजूची पावले थांबली. मागे पाहिले तर काका कठड्याला धरून उभे. उजव्या पोटरीत गोळा आला होता, गुडघा वाकत नव्हता.

"तुम्ही व्हा पुढं, सर."

"येताय ना मागून?" मी विचारले.

मराठी वाक्यरचना शिकवीत माझी वीस वर्षे गेली. हा प्रश्न नव्हता हे मला त्याच क्षणी कळले होते. उत्तर यायच्या आत मी निघालो होतो.

दोन तास एकोणतीस मिनिटे. गळ्यात पदक पडले. कोणीतरी केळे दिले. मी ते उभ्याउभ्या खाल्ले आणि वाट पाहू लागलो. धक्क्यावरचा पोरगा तर माझ्या आधीच पोचला होता. दुकानदार आले, शाळेच्या बाई आल्या. त्या एकट्याच आल्या. "वहिनी काकांजवळ थांबल्यात," त्या म्हणाल्या, आणि पाणी प्यायला गेल्या.

तीन तास उलटून बराच वेळ झाला तेव्हा रस्त्याच्या टोकाला ती दोघे दिसली. चालत येत होती. काकांचा एक हात सौ.च्या खांद्यावर होता, आणि ते तिला काहीतरी सांगत होते. बहुधा एखाद्या घाटाची गोष्ट, कारण दुसऱ्या हाताने वळण दाखवीत होते. सौ. हसत होती. तिची ती पहिली शर्यत होती. तिनेही मनात काही आकडा धरला होता का, हे मी तिला आजवर विचारलेले नाही.

जवळ आल्यावर ती एवढेच म्हणाली, "अहो, ती पाण्याची बाटली द्या त्यांना."

परतीच्या प्रवासात कंदी पेढ्यांचा पुडा फिरला, गाणी झाली, काकांनीच सर्वांत जास्त हसवले. पुणे गेले, खोपोली गेली, पेण गेले. मी खिडकीशी बसून होतो. रात्री घरी सौ.ने माझे पदक पाहिले आणि कपाटात, माझ्या पीएच.डी.च्या अर्धवट प्रबंधाशेजारी ठेवून दिले. मी म्हटले, "मी थांबायला हवं होतं." ती म्हणाली, "हो." पुढे काही बोलली नाही. रागाने बोलली असती तर मला बाजू मांडता आली असती.

सोमवारी स्टाफरूममध्ये चहा ढवळला. आकडा काही तोंडातून निघाला नाही.

त्यानंतर दोन रविवार काका आले नाहीत. तिसऱ्या रविवारी धक्क्यावर आले; गुडघ्याला पट्टा बांधलेला, चालतच. मी क्षमेचे चार शब्द नीट जुळवून ठेवले होते. वर्गात पंचेचाळीस मिनिटे न अडखळता बोलणारा मी, "काका, त्या दिवशी..." एवढ्यावरच अडलो.

"दोन एकोणतीस ना?" ते म्हणाले. "झकास झालं, सर." त्यांच्या आवाजात टोमणा शोधूनही सापडला नाही, आणि तेच मला जड गेले.

मंडळी पुढे धावत गेली. सौ.ही गेली. मी काकांबरोबर चालू लागलो. घड्याळ मी घरी ठेवून आलो होतो, असे येथे लिहायला शोभले असते. पण ते मनगटावरच होते. उजाडत होते. समुद्रावर पलीकडे मुंबईचे दिवे एकेक करून फिके पडत होते.

"पुढच्या वर्षी जायचं ना?" काकांनी विचारले.

"तुम्ही येणार असाल तर."

"मी येईन. चढायचं कुठल्या गिअरमध्ये?"

"दुसऱ्या."

"आणि उतरायचं?"

"दुसऱ्याच."

"आणि रस्त्यात लाल गाडी बंद पडलेली दिसली तर?"

मी थांबलो. त्यांच्याकडे पाहिले. ते समोर, लाँचेच्या दोराकडे पाहत होते.

"माणसं आपल्या गाडीत घ्यायची," मी म्हणालो.

"जागा असो, नसो," काका म्हणाले, आणि पट्ट्याचा गुडघा जरा सैल करून पुढे चालू लागले.