श्वास आपला, नळी कोणाची?

परवां रात्रीं जेवणें आटोपल्यावर आमच्या पुतणीनें सर्वांसमक्ष जाहीर केलें कीं, साठविलेल्या पगारांतून ती स्कूबाचें सगळें साहित्य विकत घेणार. मास्क, फिन्स, रेग्युलेटर, हवेनें फुगणारें जाकीट... आंकडा लाखाच्या पुढें गेला होता. पैसा तिचा, तेव्हां नको म्हणण्याचा अधिकार कोणासच नव्हता. पण अधिकार नाहीं म्हणून मत द्यावयाचें नाहीं, अशी आमच्या घरची रीत नाहीं. दादांनीं माळ्याकडे नुसतें बोट दाखविलें. तेथें हौसेनें आणलेली पेटी, व्यायामाचें यंत्र आणि माझी दुर्बीण सुखानें नांदत आहेत. आईचा प्रश्न निराळाच होता. "भाड्याची नळी म्हणजे दुसऱ्यानें तोंडांत धरलेली ना ग? तें उष्टें तूं तोंडांत घेतेस?" सगळे हंसले. पण मला वाटतें, मुद्द्याच्या जवळ एकटी तीच गेली होती.

मी हें ऐकीव माहितीवर लिहीत नाहीं. मागच्या हिवाळ्यांत पुतणीच्या हट्टामुळें मालवणजवळ तारकर्लीस मीही एकदां पाण्याखालीं गेलों होतों. भाड्याच्या मास्कमध्यें पाणी शिरत राहिलें. दोष मास्कचा नव्हता, माझ्या मिशांचा होता! मास्कची कड कातडीस चिकटून बसावी लागते. मध्यें केस आले कीं फट राहिलीच. पट्टा न लावतां मास्क चेहऱ्यावर टेकवावा, नाकानें हलकेंच श्वास ओढावा. हात सोडल्यावरही तो पडला नाहीं, तर तो आपल्या मापाचा. चष्मा लावणारांस त्यांत नंबरच्या कांचाही मिळतात. अशी वस्तु भाड्यानें कशाला घ्यावी?

"काका, ही नुसती हौस नाहीं," पुतणी एकाएकीं म्हणाली. आणि इतके दिवस घरांत न सांगितलेली हकीकत तिनें सांगितली. गेल्या वर्षीं दुसऱ्या एका ठिकाणीं, बारा मीटर खोलीवर, तिला श्वास ओढतां येईना. जवळच्या शिक्षकानें आपली जादा नळी तिच्या तोंडांत दिली व तिला सावकाश वर आणलें. "आतां दुसऱ्याच्या वस्तूवर विश्वास कसा ठेवूं?"

कोणी कांहीं बोललें नाहीं. वहिनींनीं तिचा हात धरून ठेवला होता.

बऱ्याच वेळानें मी विचारलें, बिघडलें होतें काय? सिलिंडरची तोटी पुरती उघडलेली नव्हती. येथें मात्र मला बोलावेंसें वाटलें. 1943 सालीं फ्रान्समध्यें कूस्तो व गान्यां यांनीं जी झडप सिद्ध केली, तिची खुबी ही कीं, भोंवतालच्या पाण्याचा जेवढा दाब तेवढ्याच दाबाची हवा ती श्वासाला पुरविते. दहा मीटरांवर हा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. म्हणजे प्रत्येक श्वासाला हवाही दुप्पट लागते. वर पुरेशी वाटणारी अर्धवट तोटी खालीं पुरत नाहीं, ती यामुळें. आणि सिलिंडर तर कोणीच घरून नेत नाहीं, तो तेथलाच. स्वतःचा रेग्युलेटर असता तरी त्या दिवशीं हेंच झालें असतें. उतरण्यापूर्वीं दाबमापकाकडे पाहत चार श्वास घ्यावे. कांटा श्वासागणिक मागें-पुढें होऊं लागला तर तोटी तपासावी. ही परीक्षा विकतच्या यंत्रालाही चुकत नाहीं.

मग हिशेब झाला. पावसाळ्यांत आपल्या किनाऱ्यावर ही बुडी बंद. उरलेल्या महिन्यांत तिला रजा मिळणार ती किती? वर्षाकांठीं आठ-दहा बुड्या. रेग्युलेटर दर वेळीं गोड्या पाण्यानें धुवावा लागतो, वर्षाकांठीं जाणत्याकडून तपासून घ्यावा लागतो. माळ्यावर पडून राहिला तर आंतलीं रबरी कडीं तशींच कडक होतात. तपासणीची नोंद मागून पाहावी आणि तो भाड्यानेंच घ्यावा, असें माझें मत. बुड्या वाढल्या कीं पुन्हां बोलूं.

मनगटावरच्या संगणकाबद्दल मात्र मीच आग्रह धरला. प्रत्येक बुडींत शरीरांत मुरलेल्या नायट्रोजनचा हिशेब तो ठेवतो. सकाळीं एकाच्या हातीं असलेला संगणक दुपारीं दुसऱ्यानें बांधला, तर चोपडी एकाची आणि कर्ज दुसऱ्याचें!

मास्क, संगणक आणि माउथपीस एवढें घेण्याचें ठरलें. बाकीची रक्कम वर्षभर बँकेंतच ठेवण्यास ती तयार झाली. मनापासून कीं नाहीं, हें मला अजून सांगतां येत नाहीं. माउथपीस थोडक्या रुपयांत येतो आणि भाड्याच्या नळीला बसवितां येतो. तो घरीं आला त्या दिवशीं आईनें आपली सुपारीची डबी रिकामी करून, घांसून, उन्हांत वाळवून नातीच्या हातीं दिली.